बंद असावे, पण कोंडलेले नसावे: सोलापूरच्या परसातील कोंबड्या

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्याला सोलापुरात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते आणि त्या दोन्ही परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. मुंगूस, मांजर, घूस आणि साप यांच्यापासून कोंबड्या वाचवायच्या असतील तर खुराडे चारही बाजूंनी घट्ट बंद असावे, असे कोणालाही वाटते. मात्र एप्रिल आणि मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर मुक्काम ठोकतो, काही दिवशी तो ४३-४४ पर्यंतही चढतो, आणि तेव्हा तेच घट्ट बंद खुराडे कोंबड्यांच्या जिवावर उठते. गेली अनेक वर्षे जुळे सोलापूरच्या कडेला, काळ्या मातीच्या एका लहानशा परसात मी कोंबड्या सांभाळत आहे आणि ओळखीच्या घरांमध्ये कोंबड्या का दगावतात हेही जवळून पाहत आले आहे. त्यावरून माझे मत असे बनले आहे की लहान कळपाचे आरोग्य औषधाच्या बाटलीपेक्षा खुराड्याच्या बांधणीवर अधिक अवलंबून असते, आणि चांगल्या खुराड्याची कसोटी एकच आहे: ते बंद असावे, पण कोंडलेले नसावे.

प्रथम रात्रीचा विचार करू. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. दिवसा मांजर दिसताच पंख फडफडवून कुंपणावर चढणारी कोंबडी रात्री दांडीवर बसली की जागची हलत नाही. शिकारी प्राणी शेजारच्या कोंबडीची मान पकडत असला तरी ती बसल्या जागीच राहते. त्यामुळे एकदा आत शिरलेले मुंगूस एका कोंबडीवर थांबत नाही, सकाळी चार-पाच कोंबड्या मरून पडलेल्या दिसतात. माझ्या सासूबाई दिवेलागणीला कोंबड्या मोजल्याशिवाय देवापुढे दिवा लावत नसत आणि मलाही त्यांनी तीच शिस्त लावली. सूर्य मावळला की कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरतात. त्यानंतर लगेच त्या मोजाव्यात आणि दार लावावे. जेवणे आटोपल्यावर दार लावू, असे म्हणणाऱ्या घरांमध्ये मधल्या त्या तास-दीड तासातच नुकसान होते, कारण मांजर आणि घूस यांची फिरण्याची वेळ नेमकी तीच असते.

जाळीच्या बाबतीत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. बाजारात जिला कोंबडीजाळी म्हणतात ती षटकोनी डोळ्यांची पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच उपयोगाची आहे, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी ती पुरेशी नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, घूस कुरतडून वाट करते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गंज चढला की ती हाताने तुटते. तिच्या डोळ्यांतून मांजर पंजा आत घालून पिल्लू ओढून घेऊ शकते. खुराड्याच्या खालच्या दोन-तीन फुटांना अर्ध्या इंचाच्या डोळ्यांची वेल्डमेश जाळी लावावी आणि वरच्या भागाला एक इंची जाळी चालते. वेल्डमेश महाग पडते हे खरे आहे. परंतु दहा-बारा कोंबड्यांच्या खुराड्याला ती फार लागत नाही, आणि खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती रंगात, शोभेच्या छपरात किंवा लोखंडी पायांत करावी, जाळीत करू नये. चौकटीला जाळी ठोकताना नुसत्या खिळ्यांवर भागवू नये. जाळीच्या कडेवर लाकडी पट्टी दाबून स्क्रूने आवळावी, कारण मुंगूस जाळी तोडत बसत नाही, ते सैल कड शोधते आणि जेथे डोके शिरते तेथून सगळे अंग आत घेते.

जमिनीखालून येणाऱ्या घुशीसाठी आमच्या भागात फार सोयीचा उपाय हाताशी आहे, तो म्हणजे शहाबादी फरशी. खुराड्याच्या तळाशी फरशी बसवून सांधे सिमेंटने भरले आणि भिंतीच्या बाहेरच्या बाजूने दीड-दोन फूट रुंदीची फरशीची पट्टी जमिनीलगत फिरवली, तर घूस पायाशी येऊन उकरू लागते आणि दगड लागताच परतते. जुन्या घराच्या दुरुस्तीत निघालेल्या तुकड्या फरश्याही या कामाला चालतात. फरशी मिळणार नसेल तर जाळीच बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून वीतभर मातीखाली पसरावी. दाराला वरती एक आणि खाली एक अशा दोन कड्या असाव्यात. एकाच मधल्या कडीचे दार खालच्या कोपऱ्यातून वाकते आणि कुत्र्याला तेवढी फट पुरते.

साप येतो तो बहुधा उंदरांच्या मागे किंवा अंड्यांसाठी. धामण अंडी आणि लहान पिल्ले गिळते, नागही येतो. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत, सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत, खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि खुराड्याजवळ सरपणाचा किंवा विटांचा ढीग लावू नये; इतके केले की उंदीर कमी होतात आणि उंदरांपाठोपाठ येणारे सापही कमी होतात. साप दिसल्यास काठी उचलण्याऐवजी सर्पमित्राला बोलवावे. साप, मुंगूस आणि घार यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यांना मारून प्रश्न सुटत नाही, कारण फट उघडी असेल तर दुसरा प्राणी त्याच वाटेने येतो. उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवणे तर मी पूर्णपणे चुकीचे मानते. ते विष कोंबड्यांच्या चोचीत जाते, विष खाऊन मेलेला उंदीर कोंबड्या टोचून खातात, आणि शेजारचे मांजर किंवा घुबडही त्यात जाते. उंदरांसाठी पिंजराच लावावा.

दिवसा धोका वरून येतो. मोठ्या कोंबडीला घारीचे फारसे भय नसते, मात्र पिल्ले घार, शिक्रा आणि कावळा हे तिघेही उचलतात. पिल्लांना पहिले दीड-दोन महिने मोकळ्यावर सोडायचे तर जाळीच्या आवारात सोडावे, किंवा आईसह डालग्याखाली ठेवून डालगे दिवसातून दोनदा नव्या जागी हलवावे. परसात शेवगा, कढीपत्ता, बोर अशी झाडेझुडपे असली की कोंबड्यांना आडोसा मिळतो. उघड्या मैदानासारख्या परसात त्या सतत आकाशाकडे पाहत दबून राहतात आणि चरत नाहीत. याच कारणाने परसासाठी पांढऱ्या कोंबड्यांपेक्षा रंगीत पिसांच्या जाती बऱ्या. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडीच देते, पण ती चपळ असते, खुडूक बसून स्वतः पिल्ले काढते आणि त्यांना जपतेही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जाती तिच्यापेक्षा बरीच जास्त अंडी देतात, परंतु त्या खुडूक क्वचितच बसतात. मी दोन्ही प्रकार एकत्र ठेवते आणि वनराजची अंडी गावठी कोंबडीखाली उबवून घेते.

आता उन्हाळ्याकडे वळते, कारण सोलापुरात खरी परीक्षा तेथे आहे. कोंबडीच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ४१ अंश असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी ती पंख अंगापासून दूर धरते, तुऱ्यातून आणि चोचीखालच्या लोंबत्या कातडीतून उष्णता सोडते, आणि त्यानेही भागले नाही तर चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना श्वासनलिकेतील ओलावा वाफ होऊन जातो आणि त्यातून गारवा मिळतो. बाहेरची हवाच शरीराइतकी तापली की पहिले दोन मार्ग बंद होतात आणि केवळ धापा उरतात. त्या सतत चालू राहिल्या की रक्तातील कर्बवायू घटतो, रक्ताचा समतोल बिघडतो, कवचाला लागणारे द्रव्य कमी पडते, आणि म्हणून मे महिन्यात पातळ कवचाची अंडी येतात. ही लक्षणे दिसली की कोंबड्यांना चुना कमी पडतो आहे असे अनेकांना वाटते. चुना देण्यास हरकत नाही, पण मूळ दुखणे उष्म्याचे असते आणि उपाय छपरावर करावा लागतो.

उघडा पत्रा दुपारी इतका तापतो की त्याखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते. पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन पांढरे हात द्यावेत आणि त्यावर बांबूची चौकट टाकून उसाचे पाचट किंवा ज्वारीचा कडबा असा पसरावा, की पत्रा आणि पाचट यांच्यामध्ये चार-सहा इंच मोकळी हवा खेळेल. पाचट थेट पत्र्यावर टाकले तर उष्णता अडकून राहते. आपल्या जिल्ह्यात पाचट आणि कडबा सहज मिळतात, तेव्हा हा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे. मात्र वाळलेले पाचट ठिणगीने पेटते, म्हणून विजेची वायर त्याच्या जवळून नेऊ नये. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड बाजूंवर पडते आणि लांब बाजूंच्या जाळीतून वारा आरपार जातो. पूर्व आणि पश्चिम या दोन आखूड भिंती विटांच्या किंवा फळ्यांच्या असाव्यात, उत्तर आणि दक्षिण या लांब बाजू जाळीच्या. फळ्यांनी चारही बाजू बुजवलेल्या पेटीसारख्या खुराड्याला मी कितीही मजबूत असले तरी चांगले म्हणणार नाही. शिकाऱ्याला अडवण्याचे काम अर्ध्या इंची वेल्डमेश फळीइतकेच करते आणि वर हवाही सोडते. बंद असणे आणि कोंडलेले असणे यांतला फरक येथे दिसतो. रात्री बसण्यासाठी प्रत्येक कोंबडीला दांडीवर सुमारे ८ इंच जागा आणि एकूण जमिनीवर किमान दोन चौरस फूट जागा द्यावी, कारण दाटीने बसलेल्या कोंबड्या एकमेकींना तापवतात.

पाण्याचे गणित साधे आहे. मोठी कोंबडी एरवी पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात ते दुपटीवर जाते, म्हणजे बारा कोंबड्यांना दिवसाला सहा लिटर पाणी लागते. प्लास्टिकच्या भांड्यातील पाणी दुपारी कोमट होते आणि कोमट पाणी कोंबड्या पुरेसे पीत नाहीत. कुंभाराकडील मातीच्या पसरट परळ्या सावलीत ठेवाव्यात, एकीऐवजी तीन-चार ठिकाणी ठेवाव्यात, म्हणजे दुबळ्या कोंबडीलाही पाणी मिळते. दुपारच्या पाण्यात इलेक्ट्रोलाइटची पूड घालावी. ती नसेल तर थोडा गूळ आणि किंचित मीठ पुरते. खाद्य सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर द्यावे. खाल्लेले अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते, त्यामुळे सकाळी अकराला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी दोन-तीन वाजता, म्हणजे ऊन सर्वांत तीव्र असताना, आतूनही तापते. जाळीवर ओली गोणपाटे टांगणे कोरड्या हवेत फार उपयोगी पडते, परंतु वळवाचा पाऊस येऊन हवा दमट झाली की ती काढून टाकावीत. दमट हवेत धापांनी पाणी उडत नाही आणि ओल्या गोणपाटांनी दमटपणा आणखी वाढतो. मे अखेरीस ढगाळ, कोंदट संध्याकाळी कोंबड्या अचानक मरतात त्याचे कारण हेच आहे. वजनदार कोंबडे आणि चरबी धरलेल्या जुन्या कोंबड्या आधी जातात, म्हणून त्यांच्याकडे आधी पाहावे. मान टाकलेली कोंबडी सावलीत आणून तिचे पाय आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्याने ओला करावा, चोचीत थेंब-थेंब पाणी सोडावे. तिला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, तो धक्का तिला सोसत नाही.

पाऊस आपल्याकडे कमी आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, तरी काळी माती एकदा भिजली की चिखल हटत नाही. खुराड्याचा चौथरा मुरूम टाकून फूट-दीड फूट उंच करावा. आत गादी म्हणून लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची वाळलेली टरफले दोन-तीन इंच पसरावीत आणि दोन-चार दिवसांनी खालीवर करावीत. मूठभर गादी हातात दाबून पाहावी: तिचा गोळा झाला तर ती ओली आहे, आणि ती ओलीच राहू दिली तर पिल्लांना रक्ती हगवण लागते. थंडीत मोठ्या कोंबड्यांना उबेची गरज नसते, सोलापूरची डिसेंबरची पहाट त्यांची पिसे सहज पेलतात. बसण्याच्या दांडीच्या उंचीपर्यंत जुन्या चादरीचा किंवा पोत्याचा पडदा सोडावा आणि त्याच्या वरचा भाग उघडा ठेवावा. पहाटे खुराड्यात उकिडवे बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर आत अमोनिया साचला आहे आणि त्यातून सर्दी-खोकल्याचे सगळे आजार सुरू होतात.

कोरड्या, उष्ण भागात एका शत्रूकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि त्याच्याविषयी मला आवर्जून लिहायचे आहे. तो म्हणजे कोंबड्यांचा गोचीड. जनावरांच्या गोचिडासारखा हा अंगाला चिकटून राहत नाही. दिवसा तो लाकडाच्या चिरांत, विटांच्या सांध्यांत, दांडीच्या टोकाशी लपतो, रात्री बाहेर येतो, अर्ध्या तासात रक्त पिऊन पुन्हा लपतो, आणि रक्त न मिळता अनेक महिने जिवंत राहू शकतो. म्हणून दिवसा कोंबडी तपासणाऱ्याला काही सापडत नाही. तुरे फिके पडतात, अंडी कमी होतात, कोंबड्या रात्री खुराड्यात शिरायला नाखूश होतात, आणि लोक टॉनिक आणतात. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन दांडीच्या टोकांशी आणि भिंतींच्या सांध्यांत पाहावे. चपटे, राखाडी-तपकिरी गोचीड चालताना दिसतात. त्यांची लहान पिल्ले मात्र काही दिवस कोंबडीच्या पंखांखाली चिकटलेली असतात. उपचार कोंबडीपेक्षा खुराड्याचा करावा लागतो. सगळ्या चिरा सिमेंटने किंवा चुन्याने बुजवाव्यात, लाकडी दांड्यांऐवजी गुळगुळीत बांबू किंवा पाइप वापरावेत, ते सहज काढता येतील असे ठेवावेत, आणि पशुवैद्यकाने सांगितलेले कीटकनाशक कोंबड्या बाहेर असताना भिंतींवर फवारून दहा-पंधरा दिवसांनी ती फवारणी पुन्हा करावी, कारण अंड्यांतून नवे गोचीड निघतात. शेतीचे कीटकनाशक अंदाजाने कोंबडीच्या अंगावर टाकणे हा तिचा जीव घेण्याचाच प्रकार आहे. उवांसाठी मात्र साधी सोय पुरते: एका पाटीत बारीक माती आणि चुलीची चाळलेली राख मिसळून ठेवावी, कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात.

लसीकरणाशिवाय वरील सगळी मेहनत एका आठवड्यात वाया जाऊ शकते. राणीखेत, म्हणजे आपल्याकडील मानमोडी, लस न दिलेल्या कळपात शिरली की बहुतेक कोंबड्या मरतात. हिरवट पातळ विष्ठा, घरघरणारा श्वास, मग पंख-पाय लुळे पडणे आणि मान पिळवटणे अशी तिची लक्षणे आहेत आणि तिच्यावर औषध नाही. मरेक या विषाणूजन्य आजाराची लस पिल्लू एक दिवसाचे असताना उबवणी केंद्रातच दिलेली असते, ती दिली आहे याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेतची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या आजाराची लस, चौथ्या आठवड्यात लासोटाची पुन्हा मात्रा, सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची लस आणि त्यानंतर अंतर ठेवून राणीखेतची आर-टू-बी ही टोचून देण्याची लस, असा क्रम साधारणपणे पाळला जातो. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नये, तिने त्यांना लुळेपणा येऊ शकतो. आधी लासोटा मिळालेल्या आणि आठ आठवडे पूर्ण झालेल्या पक्ष्यालाच ती द्यावी. नेमकी तारीख आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवावी.

लहान कळपाची अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि एकदा पातळ केलेली लस दीड-दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी कोण फोडणार, या विचाराने पुष्कळ घरे लसीकरणच टाळतात. आमच्या गल्लीने यावर मार्ग काढला आहे. आम्ही पिल्ले एकाच आठवड्यात आणतो, लस एक जण आणतो, आणि सगळे एकाच संध्याकाळी आपापल्या टोपल्या घेऊन एका अंगणात जमतात. कोणी मराठी बोलते, कोणी तेलुगू, कोणी कन्नड, परंतु पिल्लू धरायचे कसे हे सर्वांना ठाऊक असते. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे, म्हणून दुकानातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणावी. खिशात घालून दुपारच्या उन्हात आणलेली लस पिल्लाला दिली काय आणि न दिली काय, सारखेच. लस पाण्यातून द्यायची असेल तर नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये, क्लोरीनने लसीतील जिवंत विषाणू मरतो. विहिरीचे स्वच्छ पाणी किंवा उकळून पूर्ण गार केलेले पाणी घ्यावे आणि लिटरमागे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पूड त्यात मिसळावी.

देवीचा आजार डासांमुळे पसरतो, आणि सोलापुरात नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे प्रत्येक घरात पिंप, टाक्या आणि हौद भरलेले असतात. त्या साठवणीवर झाकण आणि जाळी नसेल तर माणसांना डेंग्यू आणि कोंबड्यांना देवी, दोन्हींची सोय आपणच करून ठेवतो. कोंबड्यांच्या परळ्याही रोज रिकाम्या करून घासल्या पाहिजेत.

खाद्याविषयी थोडक्यात सांगते. ज्वारी, बाजरी, मका यांनी शक्ती मिळते, पण अंड्यांसाठी प्रथिने आणि चुना लागतो, म्हणून अंड्यावरील कोंबड्यांना निदान अर्धे खाद्य तयार लेअर खाद्य असावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. शेवग्याचा पाला, लसूणघास आणि अझोला ही पाणवनस्पती त्या आवडीने खातात. उरलेली भाकरी भिजवून द्यावी. तिखट-मीठ लागलेले अन्न देऊ नये. बुरशी आलेली कडक भाकरी, खवट शेंगदाणे आणि जुनी भुईमूग पेंड यांच्याबाबत मात्र मी कोणतीही सवलत देत नाही. शेंगदाण्यावरील बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, ते कोंबडीच्या यकृतावर घाला घालते, रोगप्रतिकारशक्ती मोडते आणि दिलेली लसही निष्प्रभ करते. माणसाने खाण्यालायक न राहिलेला शेंगदाणा कोंबडीलाही घालण्यालायक राहत नाही.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी, तिचे पाणी आणि खाद्य वेगळे असावे, आणि आधी घरच्या कोंबड्यांचे काम करून मगच तिच्याकडे जावे. बाहेरून आल्यावर खुराड्यात जाताना चप्पल बदलण्याची सवय कुटुंबातील सर्वांनी लावून घ्यावी. २००६ साली भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्याच राज्यात, नवापूर येथे झाली आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आढळला, हे विसरू नये. एकदम दोन-चार पक्षी मेले तर ते हाताने उचलू नयेत, कचराकुंडीत किंवा ओढ्यात टाकू नयेत, जिवंत उरलेले घाईने विकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. एखाद-दुसरी कोंबडी ज्ञात कारणाने मेली तर तिला खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, म्हणजे कुत्री ती उकरून दुसऱ्याच्या परसात नेत नाहीत. खुराडे झाडल्यावर आणि अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुणे मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावे.

यंदा नव्याने सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी पिल्ले गणपतीच्या आसपास आणावीत, असे मी सुचवेन. त्या काळात पिल्लांना लागणारी ऊब देणे सोपे जाते: पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश, नंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी. पिल्ले बल्बखाली गोळा होऊन चिवचिवली तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडली तर ऊब जास्त झाली आहे, आणि सगळीकडे पसरून निवांत दाणे टिपत असली तर तापमान बरोबर आहे. थर्मामीटरपेक्षा त्यांच्याकडे पाहूनच बल्ब वर-खाली करावा. थंडी सुरू होईपर्यंत त्यांना पूर्ण पिसे येतात, लसीकरण आटोपते आणि मार्चपर्यंत तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर येतात. खुराडे मात्र त्याआधी श्रावणातच बांधून पूर्ण करावे आणि रिकाम्या खुराड्यात रात्री दिवा ठेवून बाहेरून चारही बाजूंनी फिरून पाहावे. जाळीच्या डोळ्यांखेरीज जेथे जेथे उजेडाची रेघ बाहेर येते ती प्रत्येक फट पिल्ले येण्यापूर्वी बुजवावी.